इंधन पंपाचे टायमिंग

डिझेल इंजिनातील इंधन पंपाने सिलिंडरमध्ये डिझेल नेमके कोणत्या क्षणी सोडावे, हे ठरवून पंप बसविण्याच्या क्रियेस पंपाचे टायमिंग लावणे असे म्हणतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. फवारा उडाल्यानंतर पेट घेण्यास किंचित अवधी लागत असल्याने दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच फवारा सुरू करावा लागतो.

पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स (स्थापना १९४६) या कंपनीच्या एका सिलिंडरच्या टीव्ही-१ या इंजिनात हा क्षण वरच्या टोकाच्या २३ अंश आधी येतो. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वेगाने हे अंतर सुमारे अडीच मिलिसेकंदांत सरते.

टायमिंग उशिरा असल्यास इंजिनाची ओढ कमी होते, धूर वाढतो व इंजिन तापते. सपाट रस्त्यावर हा दोष झाकला जातो. पनवेलहून खोपोलीमार्गे बोरघाट चढणाऱ्या जुन्या मुंबई–पुणे मार्गावर भरलेल्या मालट्रकात मात्र तो लपत नाही. टायमिंग फार आधी असल्यास इंजिन ठोके देते आणि दट्ट्या व बेअरिंगांवर ताण येतो. हँडलने सुरू करावयाच्या इंजिनात तर हँडल उलटे फिरून मनगट मोडू शकते.

टायमिंग तपासण्याची जुनी रीत साधी आहे. पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह व त्याची स्प्रिंग काढून तेथे हंसाच्या मानेसारखी वाकवलेली बारीक नळी लावतात. रॅक पूर्ण इंधनाच्या स्थितीत ठेवून टाकीचा कॉक उघडला की नळीतून डिझेल वाहू लागते. मग फ्लायव्हील हळूहळू फिरवतात. धार तुटून थेंब थांबला, की पंपाच्या प्लंजरने आतील छिद्र बंद केले असे समजावे. याच क्षणी फ्लायव्हीलवरील खूण स्थिर खुणेसमोर यावयास हवी. फ्लायव्हील इंजिनाच्या चालण्याच्या दिशेनेच फिरवावे. खूण पुढे गेल्यास तेथूनच उलट आणू नये, कारण गिअरच्या दातांतील ढील मापात शिरते. बरेच मागे नेऊन पुन्हा सरळ आणावे.

एका सिलिंडरच्या इंजिनात पंपाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, असतात. शिम वाढविल्यास फवारा उशिरा, काढल्यास लवकर सुरू होतो. अनेक सिलिंडरच्या ट्रक इंजिनात पंपाचे कपलिंग ढिले करून पंपाचा दांडा किंचित फिरवितात. कॉमन रेल पद्धतीच्या वाहनांत फवाऱ्याचा क्षण संगणकीय नियंत्रक ठरवितो. तेथे ही रीत लागू पडत नाही.