छपनियात माणसे कशाने मेली?

विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ.स. १९०० च्या सुमाराचा दुष्काळ गुजरातेत अजून 'छपनियो' म्हणूनच ओळखला जातो. १८९१ च्या खानेसुमारीत सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाची लोकसंख्या सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती १९ लाख ५२ हजारांवर आली. संस्थानातला नवसारी प्रांत त्यामानाने वाचला, कडी प्रांत पार खचला. या घटीत परागंदा झालेले आणि न जन्मलेलेही आले. पण जे मेले ते अन्नावाचून तडफडून मेले, असेच आपण धरून चालतो. शेजारच्या ब्रिटिश गुजरातेतल्या मृत्यूंचा क्रम वेगळे सांगतो. उन्हाळ्यात आटलेल्या विहिरी-तळ्यांभोवती आणि दुष्काळी कामांच्या छावण्यांत पटकी पसरली. गोध्र्याकडे तिने हाहाकार केला. पावसाळ्यात हगवण आली, आणि पाऊस चांगला झाल्यावर, म्हणजे दुष्काळ संपला असे वाटू लागले तेव्हा, हिवतापाने उरलेल्यांना गाठले.

मग भूक निर्दोष ठरते का? सरकारची बाजू घेणारे तसे म्हणू शकतात: साथ आली, त्याला प्रशासन काय करणार? हा युक्तिवाद टिकत नाही. गावकामगाराच्या नोंदवहीत पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार असे मोजकेच रकाने असत; उपासमारीला रकानाच नव्हता. खुद्द इंग्लंडमध्ये हाच वाद आधी झाला होता. मृत्यूंच्या नोंदींचे संकलक विल्यम फार यांनी १८३९ च्या अहवालात ६३ मृत्यू उपासमारीचे दाखवले, तेव्हा गरिबांच्या कायद्याचे आणि वर्कहाऊसचे कट्टर पुरस्कर्ते एडविन चॅडविक यांनी हरकत घेतली. फार यांचे उत्तर आजही पटते: भूक बहुधा रोगाच्या वाटेने मारते, म्हणून तिचे बळी नोंदीत दिसतात त्याहून कितीतरी जास्त असतात.

छावण्यांनीच माणसे मारली, हा दुसरा टोकाचा समजही अपुरा आहे. तिथली मजुरी नसती तर अनेकजण आधीच गेले असते. पण मुंबई इलाख्यात काम कमी भरले की मजुरी कापली जाई, म्हणजे जो सर्वांत अशक्त त्यालाच सर्वांत कमी अन्न मिळे, आणि तेही हजारोंच्या गर्दीत, दूषित पाण्याजवळ. पटकीचा जंतू जंतुशास्त्रज्ञ कॉख यांनी १८८४ मध्येच कलकत्त्याच्या तलावात दाखवला होता, त्यामुळे अज्ञानाची सबब चालत नाही. छपनियातल्या हगवणीच्या आणि तापाच्या नोंदींतले बरेचसे मृत्यू भूकबळींच्याच हिशेबात धरायला हवेत.