मल्टिपल स्क्लेरोसिस आणि सायटोकाइन्स : ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणण्यापूर्वी

तरुण वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, एका डोळ्याने अंधुक दिसणे व डोळा हलविताना वेदना, काही महिन्यांनी पायांना बधिरता, मान पुढे वाकविताच पाठीतून विजेसारखी लहर, आणि मधल्या काळात जवळजवळ पूर्ण आराम, असा इतिहास मिळाल्यास मल्टिपल स्क्लेरोसिसचा विचार करावयास हवा. अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावी असा रुग्ण ‘वातव्याधी’ म्हणून प्रथम आपल्याकडे येऊ शकतो. ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे काही द्या,’ ही त्याची मागणी कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्याधीचे स्वरूप

या व्याधीत शरीराच्याच प्रतिकारपेशी मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या मायलिन आवरणावर आघात करतात. या पेशी एकमेकींना ज्या प्रथिनांद्वारे संदेश देतात, ती सायटोकाइन्स होत. इंटरफेरॉन-गॅमा व इंटरल्यूकिन-१७ दाह वाढवितात. इंटरल्यूकिन-१० तो शमविते. बल उणे झाल्याने नव्हे, तर हे नियमन बिघडल्याने व्याधी वाढतो.

प्रयोगांचा बोध

१९८७ मध्ये अमेरिकेत १८ रुग्णांना इंटरफेरॉन-गॅमा देण्यात आले. त्यांपैकी ७ जणांत व्याधी उफाळला. याउलट त्याच कुळातील इंटरफेरॉन-बीटाने उद्रेकांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटले व १९९३ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. टी.एन.एफ. हे दाहकारक सायटोकाइन रोखल्यास आमवातसदृश संधिरोगात लाभ होतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मात्र १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उद्रेक वाढले. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा व्याधी लक्षणांनी सदृश असला, तरी त्यात इंटरफेरॉन-बीटा अपायकारक ठरू शकते. म्हणूनच एम.आर.आय. व आवश्यक तेथे अ‍ॅक्वापोरिन-४ प्रतिपिंडाची तपासणी अनिवार्य होय.

आपल्या औषधांचे काय?

कोरोनाकाळात गुळवेलीचा काढा घरोघरी गेला. २०२१ मध्ये मुंबईतील चिकित्सकांनी गुळवेल सेवन केलेल्या सहा रुग्णांत यकृतशोथाची नोंद केली. वनस्पतीची ओळख निश्चित केलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. हा वाद बाजूस ठेवला, तरी प्रतिकारपेशींना चेतविणारे द्रव्य स्वप्रतिकारक व्याधीत निर्धास्तपणे देता येणार नाही, एवढे निश्चित. चक्रपाणिदत्ताने व्याधिक्षमत्वाचा अर्थ व्याधिबलास विरोध व व्याध्युत्पत्तीस प्रतिबंध असा दुहेरी सांगितला आहे; ‘प्रतिकार वाढवा’ एवढाच त्याचा अर्थ नव्हे.

व्यवहारात

१. संशय येताच रुग्णास जळगाव, धुळे वा अन्य ठिकाणच्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. बी-१२ची न्यूनताही तपासावी.

२. स्टेरॉइड वा अन्य चालू औषध आपल्या सल्ल्याने अचानक बंद करू नये.

३. नतालिझुमॅब, ओक्रेलिझुमॅब यांसारखी औषधे घेणाऱ्यांत संसर्गाचा धोका असतो. ज्वर आल्यास काढ्यावर वेळ दवडू नये.

४. औषधविक्रेत्यांनी ‘इम्युनिटी’च्या नावाने कल्प देण्यापूर्वी ‘कोणता व्याधी? कोणती औषधे चालू आहेत?’ हे अवश्य विचारावे.

५. थकवा, मलावष्टंभ, स्तंभ व निद्रानाश यांसाठी मृदू स्नेहन, आहारनियमन व व्यायाम यांचा विचार तज्ज्ञांच्या उपचारांसोबत करावा. अतिउष्णतेने लक्षणे तात्पुरती वाढतात. खान्देशातील उन्हाळ्यात तीव्र स्वेदन टाळावे.

६. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या व्याधीचा समावेश आहे, हे रुग्णास सांगावे.

रुग्ण बल मागतो. वैद्याने त्यास साम्य द्यावे. आपल्या शास्त्राचा मूळ आग्रहही साम्याचाच आहे.