माहेरवाशिणीला मत नव्हतं

२०१६च्या जूनमध्ये ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर सार्वमत घेतलं. लंडनला असलेल्या माझ्या भाचीने मत दिलं. तेही भारतीय पासपोर्टवर! राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक म्हणून तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांना तो हक्क होता. पण तिच्या शेजारची फ्रेंच बाई, वीस वर्षं तिथे संसार केलेली, तिला मत नाही. पंधरा वर्षांहून जास्त काळ परदेशी राहिलेल्या ब्रिटिशांनाही नाही. हे ऐकलं आणि मला आई आठवली.

आई फोंड्याची. गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी ती लग्न होऊन अंधेरीला आली. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाला फूल, केंद्रशासितला दोन पानं, अशा निशाण्या. गोव्याबाहेरच्या गोवेकरांनाही मत द्या, असं डॉ. जॅक सिक्वेरा म्हणत होते. ते मान्य झालं नाही. म्हणजे माहेराचं काय व्हायचं ते ठरणार आणि मुंबईतल्या माहेरवाशिणींना मतच नाही.

आमच्या चाळीत चर्चा मात्र दणकून व्हायची. (मी तेव्हा चार वर्षांची, हे सगळं आईकडूनच ऐकलेलं.) बाबा म्हणत, मुंबई मिळाली, आता गोवा. देवळात आरती मराठी, मग वेगळं राहायचं कशाला? मामाही फुलाचाच. गोवा एवढासा राहिला तर भाटकारांचंच चालणार, कुळांना कोण विचारणार, असं त्याचं म्हणणं. ते काही पोकळ नव्हतं. भाऊसाहेब बांदोडकरांना बहुजनांनी डोक्यावर घेतलं ते याचसाठी. मडगावची मावशी मात्र दोन पानांची. घरातल्या कोकणीला बोली म्हणून हिणवतील, नोकऱ्या बाहेरचे नेतील, गोवा म्हणजे नुसता एक जिल्हा होईल, हे तिचं भय. ती ‘राष्ट्रमत’ वाचायची. गंमत बघा, विलीनीकरणाविरुद्ध लढणारं ते दैनिक मराठीच होतं! शिवाय महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी आणि गोव्यात फेणी... असो.

आईला कुणी विचारलंच नाही. एकदा भाजी निवडताना आजीने, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, सहज विचारलं. आई म्हणाली, ‘‘माहेर सासरातच मिसळलं, तर मी जाऊ कुठे?’’ आजी म्हणे हसली. मला नाही ते हसण्यासारखं वाटत.

विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, केंद्रशासितला १,७२,१९१. चौतीस हजारांचा फरक. मैत्रिणींनो, एकेका घरात दोन निशाण्या होत्या, त्याचा हिशेब यात नाही. मामा आणि मावशी पुढची दोन वर्षं चतुर्थीला एकमेकांकडे गेले नाहीत.

भाऊसाहेबांचं मला कौतुक वाटतं. ब्रिटनचे कॅमेरून सार्वमत हरल्यावर पायउतार झाले. भाऊसाहेबांनी कौलाच्या आधीच, डिसेंबर १९६६मध्ये, राजीनामा दिला. कौल त्यांच्या विरोधात गेला आणि काही महिन्यांतच त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केलं! माणूस हवा होता, विलीनीकरण नको होतं. बायका घरात असा निवाडा रोज करतात, त्यात नवल ते काय?

३० मे १९८७ला गोवा घटक राज्य झालं. कोकणी तर त्याआधीच राजभाषा झाली होती. आईने मावशीला अभिनंदनाचं लांबलचक पत्र लिहिलं. मराठीत. कोकणीत लिहायची तिला सवयच नव्हती.