बूच नसलेली बाटली

बाळांनो, जर्मनीत हार्त्झ नावाचे डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याशी गोस्लार हे गाव आणि तिथून वाहणारी गोझे ही लहानशी नदी. या गावच्या बिअरला नदीचंच नाव पडलं, गोझे. चवीला आंबट, किंचित खारट आणि वास चक्क धण्यांचा! आपल्या मठ्ठ्याची लांबची बहीणच म्हणा ना. पण हे मोठ्यांचं पेय, तुम्ही फक्त गोष्ट ऐकायची.

आंबटपणा येतो लॅक्टिक आम्लामुळे. ताकातही तेच असतं. गहू आणि जवाला मोड आणून, सुकवून, गरम पाण्यात भिजवलं की पिठाची साखर होते. ती साखर दोघं जण वाटून खातात. यीस्ट तिचं मद्य आणि वायू करतं, तर लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्ल करतात. हे आम्ल दुसऱ्या कित्येक जंतूंना थारा देत नाही. इतर बिअरमध्ये हॉप्स नावाच्या वेलीची फुलं सढळ हातानं घालतात. त्यांचा कडूपणा लॅक्टोबॅसिलसच्या मुळावर येतो. म्हणून गोझेत हॉप्स अगदी बेतानं, आणि सुगंधाची जबाबदारी धण्यांवर.

धणे चुरडले की जो गोडसर, फुलासारखा वास येतो ना, तो मुख्यतः लिनालूलचा. धण्यांत जिरॅनिऑलही असतं थोडं, गुलाबाच्या वासाचं. यीस्ट त्यातल्या काहीचं सिट्रोनेलॉल करून टाकतं, म्हणजे लिंबाकडे झुकणारा वास! मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी ती यीस्टची पेशी, पण धणे जसे पडले तसे ठेवत नाही. मला तर याचं आजही नवल वाटतं.

अठराव्या शतकात गोझे लायप्झिग शहरात पोचली आणि तिथलीच झाली. तिची बाटली मोठी मजेशीर होती. पोट फुगीर, मान लांब आणि अरुंद, आणि तोंडाला बूच नाही! आत आंबणं चालूच असायचं. वायूबरोबर यीस्टचा फेस मानेत चढायचा, तिथेच सुकून घट्ट बसायचा. झालं, बूच तयार! ज्यांनी बिअर केली, त्यांनीच तिचं दारही लावलं.

पुढे युद्धं झाली, कारखाने बंद पडले आणि 1966 मध्ये गोझे करणं थांबलं. पण लायप्झिगच्या लोथार गोल्डहान यांना चैन पडेना. गोझे मिळायची असं एक जुनं मद्यगृह त्यांनी पुन्हा उभं केलं, चव आठवणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं आणि 1986 मध्ये तिथे गोझे परत मिळू लागली.