वहनशुल्क आणि सीमेवरील मराठी प्रेक्षक

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बालाघाट जिल्ह्याचा राज्यकारभार नागपूर या राजधानीतून चालत असे. पुनर्रचनेत नागपूर व विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, तर बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. गोंदियाला लागून असलेल्या या जिल्ह्यात हिंदी, पोवारी व गोंडीबरोबर मराठीही बोलली जाते. येथील घरात एखादी मराठी वाहिनी दिसेल की नाही, हे मात्र केवळ प्रेक्षकांच्या आवडीवर ठरत नाही. त्यामागे 'वहनशुल्क' नावाचा व्यवहार असतो.

वहनशुल्क म्हणजे काय?

वाहिनी चालविणारा तो प्रसारक आणि केबल किंवा डिश अँटेनाद्वारे ती घरोघर पोचविणारा तो वितरक होय. वाहिनी आपल्या जाळ्यावर वाहून नेण्याबद्दल वितरक प्रसारकाकडून जी रक्कम घेतो, तिला वहनशुल्क म्हणतात. पूर्वी केबलवर जागा मर्यादित असल्याने या शुल्कावरून वारंवार तंटे होत. प्रसारण क्षेत्र २००४ साली भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजेच 'ट्राय'च्या, कक्षेत आले आणि २०१७ च्या नियमांनी या शुल्कास कमाल मर्यादा घालण्यात आली.

मर्यादा कशी ठरते?

२०१७ च्या नियमांनुसार साध्या वाहिनीसाठी दर ग्राहकामागे दरमहा २० पैसे व उच्च दर्जाच्या चित्राच्या वाहिनीसाठी ४० पैसे अशी कमाल मर्यादा होती. २०२४ च्या दुरुस्तीने हा भेद काढून एकच मर्यादा ठेवण्यात आली. वाहिनी घेणाऱ्यांचे प्रमाण जसे वाढेल, तसे शुल्क कमी होत जाते, हे या रचनेचे मर्म आहे.

समजा, एखाद्या वितरकाचे ठरविलेल्या क्षेत्रात १ लाख ग्राहक आहेत. २० पैसे दराने कमाल शुल्क दरमहा २०,००० रुपये होते. साध्या वाहिनीस ४ टक्के ग्राहकांनी निवडले, तर प्रसारकावर हा पूर्ण भार येऊ शकतो. १२ टक्क्यांनी निवडल्यास तो निम्मा होतो. प्रमाण २० टक्के किंवा अधिक झाल्यास शुल्क आकारताच येत नाही.

सीमाभागातील अडचण

हे प्रमाण एका गावाचे किंवा तालुक्याचे नसून वितरकाच्या संपूर्ण क्षेत्राचे असते. ते क्षेत्र सर्व मध्य प्रदेश असेल, तर लांजी वा वारासिवनीतील मराठी ग्राहकांची संख्या हिंदीभाषी ग्राहकांच्या समुदायात अल्प ठरते. सबब मराठी वाहिनीस अधिक शुल्क सोसावे लागते. एवढेच नव्हे, तर सलग सहा महिने प्रमाण ५ टक्क्यांखाली राहिल्यास वितरकास ती वाहिनी बंद करण्याचीही मुभा नियमांनी दिली आहे.

प्रसारक व वितरक यांच्या मतभेदाची झळ अखेर प्रेक्षकास पोचते. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टार, झी व सोनी या समूहांनी नव्या दरांचे करार न करणाऱ्या केबल कंपन्यांचे प्रक्षेपण काही दिवस थांबविले होते. तो वाद वहनशुल्काचा नव्हे, तर वाहिन्यांच्या दरांचा होता. तथापि पैसे भरूनही पडदा रिकामा राहिला तो ग्राहकांचाच.

ग्राहकांनी काय करावे?

ग्राहकसंख्येची मोजणी वितरकाच्या यंत्रणेत नोंदलेल्या निवडीवरून, दर महिन्याच्या ७, १४, २१ व २८ तारखांना केली जाते. म्हणून हवी असलेली मराठी वाहिनी आपल्या नावावर नोंदली आहे काय, याची प्रत्येक कुटुंबाने केबलचालकाकडे खात्री करून घ्यावी. शेजारच्या घरी जाऊन पाहिलेली वाहिनी या गणतीत येत नाही. वाहिनी एकाएकी बंद झाल्यास वितरकाच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. दूरदर्शनच्या अधिसूचित वाहिन्या दाखविणे तर १९९५ च्या केबल कायद्यान्वये केबलचालकांवर बंधनकारकच आहे.

गावातील शिक्षक व ग्रामपंचायतींनी ही माहिती घरोघर पोचविल्यास, संख्येने थोड्या असलेल्या भाषिकांची आवडही हिशेबात धरली जाईल. नोंदलेली प्रत्येक निवड ही त्या भाषेच्या वाहिनीवरील भार हलका करण्यास हातभार लावीत असते.