हॉकीची सूत्रे कुणाच्या हाती?

मध्यंतरी एका शाळेच्या क्रीडादिनाला गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर सातवी-आठवीतला एक मुलगा, हातातली स्टिक न सोडता, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, भारताच्या हॉकी संघात जायचं तर अर्ज कुठे करायचा?" आजूबाजूचे शिक्षक हसले. मला मात्र चटकन उत्तर सुचले नाही. अर्ज कुठेच करायचा नसतो, हे खरे. पण मग संघात नेते कोण, हे सांगायचे तर हॉकीचा सगळा कारभारच उलगडावा लागला असता. त्या दिवशी राहून गेले, ते आज सांगतो.

हा कारभार म्हणजे एक शिडी आहे. तळाशी शाळा आणि क्लब, त्यावर जिल्हा संघटना, त्यावर राज्य संघटना. आपल्याकडे 'हॉकी महाराष्ट्र' आहे, शिवाय मुंबई आणि विदर्भाच्या जुन्या संघटना वेगळ्या. जिल्ह्यातून राज्याच्या संघात आणि तिथून सब-ज्युनिअर, ज्युनिअर किंवा सीनिअर राष्ट्रीय स्पर्धेत असा खेळाडूचा प्रवास होतो. तिथे निवड समितीची नजर पडली, तर राष्ट्रीय शिबिराचे बोलावणे येते. हे शिबिर बहुधा बंगळूरला, भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात भरते. तिथल्या तीसेक खेळाडूंतून मोठ्या स्पर्धेसाठी १८ जण निवडतात. ऑलिम्पिकला तर १६च. निवडीचा अखेरचा शिक्का 'हॉकी इंडिया' या राष्ट्रीय संघटनेचा. तिच्यावर आशियाई महासंघ आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा आंतरराष्ट्रीय महासंघ. खेळाचे नियम तिथे ठरतात, दिल्लीत नव्हे.

आता गंमत अशी, की याच शिडीवरून मतेही वर चढतात. जिल्ह्याचे पदाधिकारी राज्याचे निवडतात, राज्याचे राष्ट्रीय. खेळाडू दहा-बारा वर्षे खेळतो आणि बाजूला होतो. पदाधिकाऱ्याला ना दुखापत होते, ना त्याचा वेग मंदावतो. आणि ज्याच्यासाठी हा डोलारा उभा, त्या खेळाडूला या मतदानात वर्षानुवर्षे जागाच नव्हती. सगळी गोम इथे आहे.

भारतीय हॉकी महासंघ ७ नोव्हेंबर १९२५ रोजी ग्वाल्हेरला स्थापन झाला. तीनच वर्षांनी ॲमस्टरडॅमला सुवर्णपदक आले आणि पुढे येतच राहिले. पदके येत असताना हिशेब कोण विचारतो? १९९४ मध्ये पंजाबचे तेव्हाचे पोलिस महासंचालक के. पी. एस. गिल अध्यक्ष झाले आणि चौदा वर्षे राहिले. या काळातली एक गोष्ट पुणेकरांना आठवत असेल. १९९८ च्या डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने ३२ वर्षांनी सुवर्ण जिंकले. कर्णधार होता खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला धनराज पिल्ले. पदक घेऊन परतल्यावर धनराज आणि आणखी काही ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर! त्यांना विश्रांती दिली, असे सांगण्यात आले. खेळाडूंना मिळणाऱ्या पैशांबद्दल धनराज उघडपणे बोलला होता, हेही सर्वांना ठाऊक होते.

मग ९ मार्च २००८ उजाडला. चिलीच्या सँतियागो शहरात पात्रता फेरीच्या अंतिम सामन्यात ब्रिटनने आपल्याला २-० असे हरवले. १९२८ पासून पहिल्यांदाच भारतीय संघ ऑलिम्पिकला जाणार नव्हता. पुढच्याच महिन्यात संघनिवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप महासंघाच्या सचिवांवर एका दूरचित्रवाहिनीने केला आणि भारतीय ऑलिम्पिक संघटनेने महासंघ निलंबित केला. पुरुष आणि महिलांसाठी एकच संघटना हवी, असा आंतरराष्ट्रीय महासंघाचा आग्रह होताच. त्यातून २००९ मध्ये हॉकी इंडिया जन्माला आली. जुना महासंघ न्यायालयात गेला, आणि काही काळ एका खेळाला दोन पालक झाले.

नवी पाटी लागली म्हणून घर बदलत नाही. जानेवारी २०१० मध्ये दिल्लीचा विश्वचषक दीड महिन्यावर असताना, पुण्याच्या शिबिरातल्या खेळाडूंनी थकलेल्या मानधनासाठी सरावच बंद केला. राष्ट्रीय संघ मैदानात यायला नकार देतो, आणि तोही पैसे थकले म्हणून! तोडगा निघाला, संघ खेळला आणि आठवा आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला दोन ऑलिम्पिकमध्ये भारताचे नेतृत्व केलेला परगटसिंग, दुसऱ्या बाजूला हिमाचलच्या ज्येष्ठ नेत्या विद्या स्टोक्स. मते पडली ४१ विरुद्ध २१, आणि जिंकल्या स्टोक्स. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही म्हणतो, मतपेटी कुणाच्या हाती होती हे त्या आकड्यांतून दिसते.

पैशाचेही असेच त्रांगडे. शिबिरे आणि परदेश दौरे यांच्या खर्चाचा मोठा भाग केंद्र सरकार उचलते. परदेशी प्रशिक्षकाची शिफारस संघटनेची, पगार मात्र सरकारी क्रीडा प्राधिकरणाचा. एक सून आणि दोन सासवा! टेरी वॉल्श यांनी २०१४ मध्ये इंचॉनला आशियाई सुवर्ण मिळवून दिले आणि काही आठवड्यांतच ते कारभाराला कंटाळून निघून गेले. पॉल व्हॅन अस २०१५ मध्ये आले आणि संघटनेच्या अध्यक्षांशी खटका उडून काही महिन्यांतच गेले. असल्या धरसोडीत संघ बांधायचा कसा? २०१८ मध्ये ओडिशा सरकारने दोन्ही राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व घेतले, ते आता २०३६ पर्यंत वाढले आहे. २०१९ ला आलेल्या ग्रॅहम रीड यांना सलग चार वर्षे मिळाली. टोकियोत ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक आले, ते याच स्थैर्याच्या काळात, असे मला वाटते. २०२४ मध्ये पॅरिसलाही कांस्य मिळाले.

मैदानावर बरे दिवस आले, तरी कार्यालयातले वाद मिटले नव्हते. हॉकी इंडियाने 'आजीव अध्यक्ष' असे पद निर्माण केले होते. त्याविरुद्ध १९७५ च्या विश्वविजेत्या संघातले अस्लम शेर खान न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते पद बेकायदा ठरवले आणि कारभार तिघा प्रशासकांकडे दिला. त्यांत माजी कर्णधार झफर इक्बाल होते. सप्टेंबरात निवडणूक झाली आणि तीन ऑलिम्पिक खेळलेला, ओडिशातल्या सुंदरगडचा दिलीप तिर्की बिनविरोध अध्यक्ष झाला. परगटसिंगला जे जमले नाही, ते बारा वर्षांनी जमले, पण मध्ये न्यायालयाला यावे लागले. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यानुसार राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत नामवंत खेळाडूंना आणि किमान चार महिलांना जागा देणे बंधनकारक आहे, तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणही आहे.

आता त्या मुलाचे उत्तर. अर्ज नसतो बाळा, पण नोंदणी असते. जन्मदाखला घेऊन आधी जिल्हा संघटनेत जा आणि नाव नोंदव. उद्या दुसऱ्या राज्याकडून खेळायचे झाले, तर पहिल्या संघटनेचा ना हरकत दाखला लागतो, तेव्हा सगळे कागद जपून ठेव. आणि निवड चाचणी कधी आहे, हे कुणी घरी येऊन सांगत नाही. ते दर महिन्याला जाऊन विचारत राहा.