मोडीचे संगणकीय संकेतन आणि संहितासंपादन : सातारा-सांगली परिसरातील दप्तरांच्या संदर्भात

मराठी गद्याच्या घडणीचा विचार करताना बखरींबरोबरच पत्रव्यवहाराचाही आधार घ्यावा लागतो. हा पत्रव्यवहार अभ्यासकांना उपलब्ध झाला, त्यात सातारा-सांगली परिसराचा वाटा मोठा आहे. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तोही वाईस सापडलेल्या कागदांच्या आधारे. द. ब. पारसनीस यांचा संग्रह साताऱ्यात उभा राहिला आणि १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. या सर्व कागदांपैकी फार मोठा भाग मोडीत आहे. आपण मात्र तो बाळबोधीत वाचतो. या दोहोंच्या मध्ये संपादकाचे वाचन उभे असते. मोडीला संगणकात स्वतंत्र संकेत मिळाल्यामुळे या वाचनाच्या स्वरूपात कोणता फरक पडू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. संकेतन म्हणजे काय

संगणक अक्षर साठवीत नाही. तो आकडा साठवितो. कोणत्या आकड्याने कोणते अक्षर समजावयाचे याविषयीचा सर्वमान्य करार म्हणजे संकेतन. अक्षराचे दृश्य रूप फाँट पुरवितो. हा भेद नीट ध्यानात न घेतल्यामुळे मराठीत बराच काळ गोंधळ झाला. युनिकोडपूर्व काळातील अनेक फाँटांत इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांवर मराठी आकृती बसविलेल्या असत. फाँट बदलला की मजकुराचे रूप निरर्थक होई, कारण साठविलेला आकडा मराठी अक्षराचा नव्हताच. मोडीसाठी तयार झालेल्या आरंभीच्या फाँटांचीही हीच मर्यादा होती: पडद्यावर मोडी दिसे, परंतु संगणकाच्या लेखी ती मोडी नसे.

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले. मोडीला ते मिळण्यास जून २०१४ उजाडावे लागले. अंशुमन पांडे यांनी २०११ मध्ये सविस्तर प्रस्ताव सादर केला होता. त्याच्या आधारे युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत मोडीची ७९ चिन्हे समाविष्ट झाली. त्यांत १४ स्वर, ३४ व्यंजने, १३ स्वरचिन्हे, अनुस्वार, विसर्ग, विराम व अर्धचंद्र, दंड, दुहेरी दंड, संक्षेपचिन्ह, ‘हुवा’ हे चिन्ह आणि १० अंक यांचा अंतर्भाव होतो. तत्पूर्वी २००९ मध्ये, ५.२ या आवृत्तीत, पाव, अर्धा, पाऊण यांसारखे अपूर्णांक आणि रुपयाची खूण दर्शविणारी १० चिन्हे उत्तर भारतीय लिप्यांसाठी सामाईक म्हणून स्वीकारली गेली होती. जमाखर्चाचे कागद वाचणाऱ्यास त्यांचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

२. स्वतंत्र लिपी की वळण

मोडी हे देवनागरीचेच जलद वळण आहे, तेव्हा तिला स्वतंत्र संकेत कशाला, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. संकेतनाचे तत्त्व असे की, वळणाला संकेत द्यावयाचा नाही, लिपीला द्यावयाचा. म्हणूनच शिवकालीन चिटणिसी वळण, पेशवेकालीन वळणे किंवा आंग्लकालीन मोडी यांना निरनिराळे संकेत नाहीत. तो भेद फाँटाचा मानला जातो. हाच न्याय लावून मोडीलाही देवनागरीचा फाँट का मानू नये?

याचे उत्तर प्रत्यक्ष कागदांतच आहे. शिवकालीन पत्राचा मजकूर मोडीत, तर त्यावरील मुद्रा देवनागरीत असते. मोडी लेखनात संस्कृत श्लोक आला तर तो बहुधा बाळबोधीत उतरविला जातो. म्हणजे लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने या दोन लिप्या होत्या आणि कोणत्या ठिकाणी कोणती वापरावी याचा संकेतही रूढ होता. दोहोंना एकच आकडे दिले असते, तर हा भेद साध्या मजकुरातून पुसला गेला असता. शिवाय मोडीत व्यंजनाला काना, उकार किंवा रकार जोडताना आकृती ज्या रीतीने बदलते ती रीत देवनागरीची नव्हे.

महानुभावांच्या सकळ लिपीचा प्रश्न याहून निराळा आहे. ती गूढलिपी आहे. तीत एका अक्षराच्या जागी दुसरी आकृती योजलेली असते. तिला युनिकोडात स्वतंत्र स्थान नाही. तिचा प्रस्ताव मांडावयाचा झाल्यास ती लिपी मानावी की देवनागरीवरील सांकेतिक आवरण, हे प्रथम ठरवावे लागेल. ही चर्चा संगणकतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही, कारण तिचा आधार हस्तलिखितांच्या अभ्यासातच मिळणार आहे.

३. मुद्रणाचा पूर्वेतिहास

मोडीपुढे तंत्राची अडचण प्रथमच उभी राहिली असे नाही. १८०५ मध्ये मिरजेस गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने तांब्याच्या ठशांवरून भगवद्गीता छापली गेली; ती देवनागरीत होती. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी मोडीचे खिळे पाडले आणि विल्यम कॅरीचा १८१० चा मराठी कोश मोडी अक्षरांत छापला. तरीही पुढे छापील मराठीची लिपी बाळबोध हीच ठरली. मोलस्वर्थचा १८३१ चा कोश देवनागरीत आहे. लेखणी न उचलता लिहावयाच्या लिपीचे सुटे खिळे पाडले की तिचा मुख्य गुणच नाहीसा होतो, हे यामागील एक कारण मानता येईल. हाताने लिहावयाची मोडी आणि छापावयाची बाळबोध अशी वाटणी झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळा व कचेऱ्या या दोन्हींतून मोडी मागे पडली आणि तिचे वाचन हा मोजक्या जाणकारांचा विषय झाला.

संगणकात खिळ्यांची अडचण राहत नाही. साठविलेल्या वर्णक्रमावरून जोडलेली आकृती तयार करण्याचे काम फाँटातील नियम करतात. नोटो मालेतील मोडी फाँट याच पद्धतीने चालतो. मोडीचे संकेत मात्र युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ स्थानांच्या पलीकडील पटलात आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी वर्णाला तीन बाइट लागतात, तर मोडी वर्णाला चार. पहिल्या पटलापुरताच विचार करून लिहिलेल्या प्रणालींत मोडीच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, ते यामुळे.

४. संपादकापुढील प्रश्न

येथवरचा भाग तंत्राचा झाला. खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. मोडी लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नाही. वेलांटी दुसरी आणि उकार पहिला, अशी रूढी आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ हे शब्द मोडीत सारखेच दिसतात. युनिकोडात मात्र दोन्ही वेलांट्या व दोन्ही उकार यांना स्वतंत्र संकेत आहेत. तेव्हा लिप्यंतरकाराने कागदावर आहे तो उकार टंकावा की अर्थाने अभिप्रेत असलेला? पहिला मार्ग लेखकाशी प्रामाणिक राहतो, दुसरा वाचकाच्या सोयीचा आहे. संकेतन या दोहोंपैकी कोणत्याही एका बाजूने निर्णय देत नाही.

शब्दविच्छेदाचेही तसेच. मोडीत ओळभर शिरोरेषा आखून अक्षरे सलग लिहिली जातात. शब्दांत अंतर नसते. ‘मानकरी’ हे एक पद, की ‘मान करी’ ही दोन पदे, हे संदर्भावरूनच ठरते. छापील संग्रहात आपण जेव्हा दोन शब्दांतील मोकळी जागा पाहतो, तेव्हा ती संपादकाची असते, मूळ लेखकाची नव्हे. राजश्री, मशारनिल्हे, तपशील यांसारख्या शब्दांचे संक्षेपही संपादक उलगडून छापतो. खरे-राजवाडे यांच्या पिढीने हे काम अपार परिश्रमाने केले आणि त्यांच्यापुढे दुसरा मार्गही नव्हता. पण त्यामुळे त्या काळच्या शुद्धलेखनाविषयी किंवा उच्चाराविषयी छापील पाठावरून काढलेले निष्कर्ष डळमळीत राहतात. एखादा दीर्घ उकार अठराव्या शतकातील कारकुनाचा आहे की विसाव्या शतकातील संपादकाचा, हे पुस्तकावरून कळत नाही.

५. तीन स्तर

या अडचणीतून मार्ग काढावयाचा तर दप्तराचा प्रत्येक कागद तीन स्तरांवर जतन करणे इष्ट ठरेल. पहिला स्तर छायाचित्राचा; कागदाचा पोत, शाईचे ठसे आणि हस्ताक्षराचे वळण संकेतनात उतरत नाही, ते येथेच राहील. दुसरा स्तर मोडी संकेतातील पाठाचा. यात आहे तोच उकार, आहे तीच वेलांटी, संक्षेप जसाचा तसा, आणि शब्दविच्छेद शक्यतो नाही. तिसरा स्तर बाळबोध पाठाचा. येथे संपादकाने आपले वाचन मोकळेपणाने करावे. दुसऱ्या व तिसऱ्या स्तरांतील अंतर म्हणजेच संपादकाचा हस्तक्षेप, आणि तो आता ओळीगणिक तपासता येईल.

यावर असा आक्षेप घेता येईल की, मोडी जाणणारे आधीच थोडे असताना त्यांच्याकडून एकाच कागदाचे काम दोनदा करून घेणे परवडणारे नाही. आक्षेप रास्त आहे. कागद जीर्ण होत आहेत आणि छायाचित्रण व वाचन यांना अग्रक्रम दिलाच पाहिजे. तथापि सर्व दप्तर दुसऱ्या स्तरावर आणण्याची निकड नाही. भाषेच्या अभ्यासासाठी महत्त्वाचे, तारीख व लेखक निश्चित असलेले निवडक कागद घेतले तरी पुरेसे आहे. यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांनाही असा काटेकोर पाठच उपयोगी पडेल. चित्रावरून थेट बाळबोध तयार करणारे यंत्र संपादकाचे सर्व निर्णय गुपचूप आत्मसात करते, आणि मग ते निर्णय कोणाचे हे सांगणारा कोणीच उरत नाही.

पदव्युत्तर प्रबंधासाठी या दृष्टीने एक मर्यादित विषय सुचवावासा वाटतो. छापील ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तील ज्या पत्रांची मूळ मोडी प्रत उपलब्ध होऊ शकते, अशी दहा-वीस पत्रे घेऊन त्यांचा मोडी संकेतातील पाठ सिद्ध करावा आणि छापील पाठाशी ताडून पाहावा. विरामचिन्हे, शब्दविच्छेद, ऱ्हस्व-दीर्घ आणि संक्षेप या चार बाबतींत संपादकाने काय केले, हे त्यातून स्पष्ट होईल. ७९ चिन्हांचा हा संच मिळाला म्हणून मोडी वाचता येऊ लागत नाही. परंतु जे वाचले ते मूळ लिपीत नोंदवून दुसऱ्याच्या तपासणीस खुले ठेवण्याची सोय मराठीच्या अभ्यासकाला त्याने करून दिली आहे.